खेळण्यातले पैसे: पाचशेच्या गड्ड्या, सुट्ट्यांची बोंब

नातीसाठी स्टेशनरीच्या दुकानातून खेळण्यातल्या नोटा-नाण्यांचा डबा घेतला, दीडशे रुपयांना. मी बँकेत कॅश काउंटरवर उभी नोकरी काढलेला माणूस, डबा उघडल्याबरोबर आधी मोजणी केली. पाचशेच्या आणि दोन हजारांच्या नोटा रग्गड, दहाच्या चारच, वीसची एकही नाही. दोन हजारची नोट रिझर्व्ह बँकेने २०२३ सालीच मागे घेतली; पहिलीतल्या पोरीने ती घेऊन करायचं काय?

छपाईला नाव ठेवणार नाही. कागद जाड आहे आणि रंग खऱ्यासारखे: शंभरची फिकट जांभळी, दोनशेची पिवळी, पन्नासची निळी. नात लांबूनच ओळखते. फक्त सगळ्या नोटा एकाच मापाच्या. खरी दहाची १२३ मिलिमीटर लांब, पाचशेची १५०. हा फरक बोटांना कळायला हवा.

नाणी मात्र टाकाऊ. प्लॅस्टिकची, सगळी सोनेरी, वजन म्हणून नाही. दहाच्या नाण्यातले दोन धातू नाहीत, वीसच्या बारा बाजू नाहीत. ती बाजूला सारून मी देवघरातल्या डब्यातली खरी चिल्लर काढली आणि खेळात जीव आला.

पहिलं भांडण मोडीवरून. तिच्याकडून रुपयाची पाच नाणी घेतली, पाचचं एक दिलं. "आबा, तू फसवतोयस! माझे पाच घेतलेस आणि एकच दिलंस!" तिचंही बरोबरच होतं, या वयात जास्त नग म्हणजे जास्त पैसे. मग कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो. पाच सुट्ट्या रुपयांत एक चिक्की, पाचच्या एका नाण्यातही तीच चिक्की. दोन्ही तिनेच खाल्ल्या, तेव्हा कुठे पटलं.

उरलेले पैसे परत करायला मी वजाबाकी शिकवत नाही. तेराचा बिस्किटपुडा, गिऱ्हाइकाने दिले वीस. तेरापासून पुढे मोजायचं: एकेक रुपया ठेवत चौदा, पंधरा, मग पाचचं नाणं, वीस. झाला हिशेब. पण यासाठी गल्ल्यात सुट्टे लागतात आणि डबेवाल्यांनी नेमकी तिथेच काटकसर केली आहे.

पाच-सहा वर्षांच्या मुलांना नोटा ओळखायला डबा ठीक. घासाघीस करून शंभरात मिळाला तर घ्या. वीसची नोट तेवढी खरी वापरा. मागे वेरूळची लेणी आहेत, मुलं प्रश्न विचारून भंडावतात.