रम फायर की रे अँड नेफ्यू?

जमैकाच्या या दोन्ही पांढऱ्या रम पिंपात न मुरवलेल्या, दोन्ही ६३ टक्के अल्कोहोलच्या. चाखायला मी रम फायरच निवडेन. ती जमैकाच्या ट्रेलॉनी भागातल्या हॅम्पडेन या डिस्टिलरीची: हवेतल्या यीस्टवर बरेच दिवस आंबवलेली मळी, त्यात डंडर, म्हणजे आधीच्या ऊर्ध्वपातनानंतर भांड्यात उरलेलं आंबट पाणी, आणि फक्त पॉट स्टिल, म्हणजे एका वेळी एकच घाणा काढणारं ऊर्ध्वपातनाचं भांडं. एस्टर, म्हणजे फळांसारखा वास देणारी संयुगं, तिथूनच वाढतात. पेला नाकाशी नेताच अतिपिकलेला अननस, काळं पडलेलं केळं, नेलपॉलिश. मागून ऑलिव्हचा खार. घाई नको! चमचाभर पाणी घालून पाच मिनिटं थांबा, फळं मोकळी होतात. रे अँड नेफ्यू म्हणजे पॉट स्टिल आणि कॉलम स्टिल (अखंड चालणारा उभा ऊर्ध्वपातन-स्तंभ) यांच्या रमचं मिश्रण. केळं आहे, पण वास आटोपशीर. जमैकात ती टिंग या ग्रेपफ्रूटच्या सोड्यात घालतात, तिथे ती फार छान लागते.