ज्युनिअर लीग की विद्यापीठ: आइस हॉकीपटूपुढील दोन वाटा

एनएचएलचे, म्हणजे उत्तर अमेरिकेतील सर्वोच्च व्यावसायिक आइस हॉकी लीगचे, स्वप्न पाहणाऱ्या सोळा-सतरा वर्षांच्या खेळाडूपुढे कॅनडाची मेजर ज्युनिअर हॉकी, म्हणजे सीएचएल, आणि अमेरिकेतील विद्यापीठांची स्पर्धा, म्हणजे एनसीएए, असे दोन मुख्य पर्याय असतात. कॉनर मॅकडेव्हिड (2015) पहिल्या वाटेने, तर मॅक्लिन सेलेब्रिनी (2024) दुसऱ्या वाटेने ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनएचएल संघांच्या नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, पहिला आला. त्यामुळे नावांच्या जाहिरातीवरून निवड करण्यात अर्थ नाही.

खरा फरक वेळापत्रकात आहे. ओएचएल आणि डब्ल्यूएचएल या सीएचएलमधील लीगमध्ये नियमित हंगामातच 68 सामने आणि बसचे लांबलचक प्रवास असल्याने व्यावसायिक खेळाची सवय लवकर लागते, मात्र सरावाला आणि शरीर घडवायला उसंत कमी मिळते. विद्यापीठात सामने जवळपास निम्मे आणि तेही बहुधा शुक्रवार-शनिवारी असतात. आठवड्याचे उरलेले दिवस व्यायामशाळेला मिळतात, आणि प्रतिस्पर्धी वयाने मोठे, अंगाने भक्कम असतात.

शिक्षणाचे म्हणाल तर डब्ल्यूएचएल प्रत्येक हंगामामागे एका वर्षाची शिष्यवृत्ती देते, पण तिच्या अटी करारापूर्वी नीट वाचाव्यात; एनसीएएत शिक्षण खेळासोबतच चालते.

पूर्वी सीएचएलमध्ये खेळलेल्याला एनसीएएच्या पहिल्या श्रेणीचे दार बंद होत असे. 2025-26च्या हंगामापासून ते उघडले असून गॅविन मॅकेना हा खेळाडू मेडिसिन हॅट या डब्ल्यूएचएल संघातून पेन स्टेट विद्यापीठात गेला.

लवकर तयार झालेल्या, सतत सामने हवे असलेल्या मुलाला ज्युनिअर लीग योग्य. उशिरा वाढणाऱ्या किंवा पदवी हवी असलेल्याला विद्यापीठच बरे.