डोक्याला मार लागलेल्याच्या घरच्यांनी ट्वेंटीथ्री-अँड-मीचा एपीओई अहवाल घ्यावा का?

डोक्याला जबर मार लागलेला माणूस आयसीयूतून बाहेर आला की घरच्यांना एकच विचारायचं असतं: तो पूर्वीसारखा होईल ना? अमेरिकेतल्या घरांत मग ट्वेंटीथ्री-अँड-मी या जनुक-चाचणी कंपनीचा लाळेचा किट मागवायचं डोक्यात येतं, कारण एपीओई या जनुकाचा 4 हा प्रकार (एपीओई-4) असेल तर मेंदू सावरत नाही असं कुठेतरी वाचलेलं असतं.

किट सोपा आहे. अर्धा तास आधी खाणंपिणं, सिगारेट, च्युइंगगम बंद. नळीत रेघेपर्यंत, साधारण 2 मिलि, लाळ भरायची. मोजायची ती लाळ, वरचा फेस नाही. फेसच रेघेला टेकला आणि झाकण लावलं तर नमुना कमी पडतो. फनेलचं झाकण मिटलं की त्यातला द्रव खाली उतरतो. मग फनेल काढून छोटं झाकण घट्ट बसवायचं आणि नळी 5 सेकंद हलवायची. गिळायला त्रास असलेल्या रुग्णाला मात्र लाळ साठवायला लावू नका. ठसका लागून ती फुप्फुसात जाऊ शकते.

अहवाल अल्झायमरच्या जोखमीचा आहे. त्याला अमेरिकेच्या औषध-नियामक संस्थेने, एफडीएने, 2017 मध्ये मान्यता दिली. माहिती वाचून मुद्दाम होकार दिल्याशिवाय तो उघडत नाही, ही सोय उत्तम. डोक्याच्या माराबद्दल त्यात काहीच नाही. जनुकातल्या दोन जागा, आरएस429358 आणि आरएस7412, तपासून प्रकार ठरतो: पहिलीवर सीटी, दुसरीवर सीसी ही अक्षरं आली म्हणजे 3/4, म्हणजे एक प्रत 3 ची, एक 4 ची.

मग 4 ची भीती आली कुठून? या जनुकाचं प्रथिन मेंदूत कोलेस्टेरॉल वाहून नेतं आणि तुटलेल्या पेशींच्या डागडुजीला ते लागतं. 1997 मध्ये ग्लासगोच्या 93 रुग्णांत 4 असलेल्या 30 पैकी 17 जणांची सहा महिन्यांनंतरची स्थिती वाईट होती. नसलेल्या 63 पैकीही 17 जणांचीच. आकडा धक्कादायक होता, पण त्याच संशोधकांनी 2005 मध्ये हजारभर रुग्ण पाहिले तेव्हा सरसकट संबंध दिसला नाही, फक्त कमी वयात थोडा. 2022 च्या 5,268 रुग्णांच्या जनुकीय अभ्यासात एकही जागा ठाम निकषाला उतरली नाही. आनुवंशिकतेचा वाटा सुमारे 26 टक्के निघाला, म्हणजे जनुकं बोलतात, पण एकटं-दुकटं नाही. म्हणून रुग्णाच्या भवितव्यासाठी हा अहवाल घेऊ नका. वय, जीसीएसमधला (शुद्ध किती आहे ते मोजणाऱ्या मापातला) हालचालीचा गुण आणि डोळ्यांच्या बाहुल्यांची उजेडाला प्रतिक्रिया यांवरून डॉक्टर जो अंदाज बांधतात, तो कितीतरी भक्कम आहे.

आणखी एक गोष्ट मनावर घ्याच. 2023 मध्ये या कंपनीच्या सुमारे 69 लाख ग्राहकांची माहिती फुटली, 2025 मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. जनुकांवरून भेदभाव रोखणारा अमेरिकेचा 2008 चा जीना कायदा आरोग्यविमा आणि नोकरीपुरताच आहे. आयुर्विमा, अपंगत्वविमा आणि दीर्घकालीन देखभालीचा विमा त्यात येत नाही. डोक्याला मार लागलेल्या घराला नेमके हेच विमे लागतात.

जनुकाचा उपयोग आज खरोखर होतो तो औषधात. फिट येऊ नये म्हणून जबर मारानंतर पहिले 7 दिवस फेनिटॉइन देतात (भारतात एप्टॉइन, अमेरिकेत डायलँटिन). त्या औषधाचं विघटन यकृतातलं सीवायपी2सी9 नावाचं विकर (एन्झाइम) करतं, आणि ते विकर किती वेगाने काम करतं हे जनुकावर ठरतं. ते विकर मंद असेल तर औषध रक्तात साचतं: डोळे थरथरतात, चाल डळमळते, गुंगी येते, आणि सगळ्यांना वाटतं हा माराचाच परिणाम. विकर अगदी मंद असणाऱ्यांना पहिला मोठा डोस नेहमीचाच देतात, पुढचा रोजचा मात्र सुमारे निम्मा. पेशंट सावरत असताना अचानक गुंगला, तर फेनिटॉइनची रक्तातली पातळी आणि अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) आजच तपासा असं डॉक्टरांना सांगा. अल्ब्युमिन कमी असेल तर पातळीचा आकडा ठीक दिसूनही औषध जास्त झालेलं असू शकतं.