पस्तीस वर्षांनी त्याच उंबऱ्यावर

खानापूर तालुक्यात मराठी शाळेवर शिक्षक असताना मला 1991 आणि 2011 अशी दोनदा एकाच गावात जनगणनेची ड्युटी आली. पहिल्या खेपेला एका घरात एका चुलीवर एकोणीस माणसं लिहिली होती. वीस वर्षांनी त्याच घरात चार चुली, आणि कर्ती पोरं बेळगावला नाहीतर गोव्याला. म्हणूनच कॅमिला टूलमिन यांचं ‘लँड, इन्व्हेस्टमेंट, अँड मायग्रेशन’ (ऑक्सफर्ड, 2020) हे पुस्तक हाती आल्यावर मी आधी तक्तेच वाचले.

पुस्तकातलं गाव पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशातलं, द्लोंगेबुगू. बांबरा शेतकऱ्यांचं, पावसावरच्या बाजरीचं. बाई 1980 ते 82 तिथे राहिल्या, घरन्‌घर लिहून काढलं आणि पस्तीस वर्षांनी परत त्याच घरांत जाऊन बसल्या. तोवर 550च्या आसपासची वस्ती 1,600च्या घरात गेली होती.

तिथेही घर म्हणजे एक चूल आणि एक सामाईक शेत. पण पन्नासच्या वर माणसं एकत्र जेवणारी घरं तिथे आहेत. ती का टिकली, तो भाग मी दोनदा वाचला. घरानं आपली विहीर खणायची. उन्हाळ्यात फुलानी गुराखी गुरं पाण्यावर आणतात, बदल्यात ती शेतात बसवतात, खत मिळतं. आमच्याकडे धनगर मेंढरं बसवतात तसंच, फक्त आपण धान्य नाहीतर पैसे देतो, तिथे पाणी. विहीर, नांगराचे बैल, पोरांची लग्नं, एखाद्याचं आजारपण, एवढं पेलायचं तर घरात हात जास्त हवेत.

आणि ऊस! नायजर नदीकाठची जमीन उसाच्या मोठ्या प्रकल्पाला गेली. तिथून उठलेले शेतकरी जमीन शोधत या गावाच्या शिवारात आले. रान पडीक ठेवायला जागा उरली नाही, मातीचा कस गेला. आमच्या जिल्ह्यात हा भाग गावच्या पारावर वाचून दाखवावा इतका मोलाचा आहे.

इंग्रजी अवघड नाही. डिजिटल प्रत फुकट मिळते. मी छापून स्पायरल बायंडिंग करून घेतली, त्यात उपग्रहावरून घेतलेली शिवाराची चित्रं नुसती काळी आली. ती स्क्रीनवर रंगीतच बघा, शेतं रानात कशी घुसली ते तिथेच कळतं.

ती प्रत आता शाळेत माझ्या जागी आलेल्या बाईंकडे आहे. येत्या जनगणनेची ड्युटी त्यांना लागेल.