डोंगा काठाला बांधावा की पाण्यात नांगरावा?

विदर्भातल्या गोसीखुर्द किंवा इटियाडोहासारख्या जलाशयावरचे ढिवर म्हणजे मासेमार बांधव डोंगा, म्हणजे आपली छोटी होडी, बहुधा काठावरच्या खुंटीला बांधतात. जाळे चढवण्या-उतरवण्याची सोय पाहता हे रास्तच आहे. पण सिंचनासाठी पाणी सोडले की पातळी उतरून डोंगा चिखलात रुततो, आणि पावसाळ्यात पाणी चढले की दोर तोकडा पडून डोंग्याचे नाक, म्हणजे पुढचे टोक, खाली ओढले जाते. दगडावर तळ घासणे तर रोजचेच.

काठापासून दूर नांगरलेला डोंगा आपोआप वाऱ्याकडे तोंड करतो, त्यामुळे मे-जूनच्या वादळात लाटा कुशीवर न आदळता नाकावर फुटतात. म्हणून त्या दिवसांत मी नांगरालाच पसंती देईन. मात्र दोर खोलीच्या पाच ते सातपट, म्हणजे ३ मीटर पाण्यात १५ ते २१ मीटर सोडावा, कारण आखूड दोराची ओढ वरच्या दिशेने बसून नांगर मातीतून उपटला जातो. डोंगा फिरायला चौफेर मोकळे पाणीही हवे. बुडीत झाडांच्या खुंटांत नांगर अडकण्याची भीती असल्यास त्याच्या बुडाशी वेगळी दोरी बांधून तिला तरंगता डबा लावावा, म्हणजे उलट बाजूने ओढून तो सोडवता येतो.