पूर्व भागातली बिनबोर्डाची मेस (बाहेरगावचे असाल तर वाचा)

बदली होऊन सोलापुरात एकटे आलेले जे असतील त्यांच्यासाठी लिहितोय, बाकीच्यांना घरी जेवायला मिळतंय तर तुम्ही कशाला वाचताय.

अशोक चौकाकडून आत शिरलं की यंत्रमागाचा खडखडाट सुरू होतो, त्याच गल्लीत एका घराच्या पुढच्या खोलीत ही मेस आहे. बोर्ड नाही. चार टेबलं आणि एक कूलर, जो मे महिन्यात नुसता आवाज करतो.

मी चिपळूणचा, भातावर वाढलेला. इथं आधी भाकरी, मग परत भाकरी, भात शेवटी वाटीभर, तोही मागितला तर. गरम ज्वारीची भाकरी, शेंगाभाजी नाहीतर डाळकांदा, बाजूला शेंगाचटणी नि दही. चटणी कुटलेली आणि तेल सुटलेली, बोटाला लाल चिकटते, पाकिटातल्या कोरड्या भुकटीशी हिचा काही संबंध नाही. कडक भाकरी मागितली तर ती चुरायची, वरून आमटी ओतायची नि मऊ पडायच्या आत संपवायची. हे मला शेजारी बसणाऱ्या लूमवाल्या काकांनी न विचारता शिकवलं, थेट माझ्या ताटात हात घालून. गावाकडं असं कुणी केलं असतं तर मी उठून गेलो असतो.

मावशी सुनेशी तेलुगूत बोलतात, भाजीवालीशी कन्नडमध्ये, आपल्याशी मराठीत, हिशेबाला मात्र सगळ्यांशी सारख्याच कडक. ऑफिसात जो तो "गाव कुठलं ओ तुमचं?" विचारायचा ते मला जाम टोचायचं, वाटायचं झालं, आपण इथले नाही हे परत एकदा सांगितलं. मेसमध्ये बसल्यावर बघतो तर प्रत्येक टेबलावर हाच प्रश्न, नि उत्तरं कुठली कुठली, काकांचे आजोबा तेलंगणातनं मागावर कामाला आलेले, कुणाचे पणजोबा जुन्या मिलमध्ये (ती १८७७ची), कुणी विजापूरकडचं, कुणी तुळजापूरकडचं. इतक्या पिढ्या होऊन पण विचारतातच. आता मी पण विचारतो.

वहीत माझं नाव नाहीये, "चिपळूण" लिहिलंय. आधी खटकायचं, आता खाडा सांगायला फोन करतो तेव्हा मीच "मावशी, चिपळूण बोलतोय" म्हणतो. तेवढ्यानं कुणी सोलापूरकर होत नाही म्हणा.

तक्रारी आहेतच. एका वेळचा खाडा धरत नाहीत, सलग दोन दिवस नसाल तरच पैसे वळते होतात. कमी तिखट हा प्रकारच नाही. या गावात नळाला रोज पाणी येत नाही त्यामुळं हात धुताना जास्त वेळ लावला की आतनं आवाज येतो. आणि जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला (म्हणजे सिद्धेश्वराच्या) मेस बंद. मी कुरकुर केली तर मावशी म्हणे, "मग जावा की होम मैदानावर, तिथं उपाशी कोण राहतंय ओ?" गेलो. मिरवणुकीतले सातही नंदीध्वज (उंच सजवलेल्या काठ्या) बघितले, पांढऱ्या बाराबंदीतली माणसं बघितली, गर्दीत अर्धी मेस भेटली आणि लूमवाल्या काकांनी भज्यांचे पैसे देऊ दिले नाहीत.

रेट जाऊन विचारा, इथं टाकला तर मावशी मलाच धरतील. भातवाल्यांनी रात्री साडेआठच्या आत पोचा, नंतर भात संपतो नि परत कुकर लावत नाहीत.