मोठ्या अक्षरांचं संदर्भ-बायबल आणि ऊलामचे मुलगे : आठ महिन्यांनंतरचा अनुभव

जुन्या प्रतीतलं बारीक अक्षर दिसेना म्हणून आठ महिन्यांपूर्वी मोठ्या टायपातलं, समासात संदर्भ दिलेलं मराठी बायबल घेतलं. रोज पहाटे दोन अध्याय, असं उत्पत्तीपासून वाचत आलो. टायप उत्तमच आहे, चष्मा न लावताही दिव्याखाली वाचता येतं. पण खरं सांगायचंय ते समासातल्या संदर्भांबद्दल.

सहाव्या महिन्यात 'पहिला इतिहास' या पुस्तकाला पोचलो. सुरुवातीचे नऊ अध्याय नुसती वंशावळ. आजवर मी ती पानं भराभर उलटत आलो होतो. या वेळी अक्षर मोठं, त्यामुळे नजर एकेका नावावर टेकत गेली. आठव्या अध्यायाच्या अगदी शेवटी, ४० व्या वचनात, ऊलामचे मुलगे भेटले : इस्राएलाच्या बन्यामीन वंशातले शूर वीर, तिरंदाज, पुत्र-पौत्र मिळून १५०. बस्स, एवढंच. त्यांनी कुठली लढाई मारली, कुठल्या राजाच्या पदरी होते, काही नाही. नवव्या अध्यायात हीच वंशावळ पुन्हा येते, पण ती आसेलच्या सहा मुलांपाशी थांबते. आसेलचा भाऊ एशेक आणि त्याचा थोरला ऊलाम तिथे नाहीतच.

मला चुटपुट लागली. बोट उलटं वर नेत गेलो. ३४ व्या वचनात शौल राजाचा मुलगा योनाथान याचा मुलगा मरीब्बाल. समासात बारीक आकडे : २ शमुवेल ४:४. उघडलं तर हा आपला मफीबोशेथ, त्याचंच दुसरं नाव! गिलबोवाच्या डोंगरावर शौल आणि योनाथान लढाईत पडल्याची बातमी आली, दाई पाच वर्षांच्या पोराला घेऊन पळत सुटली, पोर पडलं आणि दोन्ही पायांनी अधू झालं. पुढे तो दावीद राजाच्या पंक्तीला जेवू लागला, तेव्हा त्याला मीखा नावाचा लहान मुलगा होता. त्या मीखापासून खाली मोजत आलो, तर मफीबोशेथाच्या दहाव्या पिढीला ऊलाम.

हे आमच्या पाळकसाहेबांना दाखवलं. त्यांनी मूळ इब्री (हिब्रू) शब्द सांगितले : 'दोर्खे केशेत', धनुष्य तुडवणारे. कुंडात द्राक्षं तुडवायला जे क्रियापद वापरतात, तेच इथे. दणकट धनुष्याला दोरी चढवायची तर ते पायाने दाबून वाकवावं लागे, म्हणून हा शब्द. पाळकसाहेबांनी टेबलाजवळची छत्री घेतली, टोक जमिनीला टेकवलं आणि मधोमध पाऊल ठेवून दाखवलं.

दोन्ही पायांनी अधू असलेल्या माणसाच्या वंशात पायाखाली धनुष्य वाकवणारे दीडशे जण! आणि गिलबोवावर शौलाला गाठून घायाळ केलं ते पलिष्ट्यांच्या तिरंदाजांनीच. योनाथानाने तर आपलं धनुष्य स्वतः काढून दावीदाला दिलं होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे मी पुढचा अध्याय वाचला नाही, त्याच वचनावर बसून राहिलो.

आता तक्रारी. ४० व्या वचनापाशी समास कोरा आहे, आणि ही मला मोठी उणीव वाटते. निदान १ इतिहास १२:२ तरी हवं होतं : सिकलाग गावी दावीदाकडे आलेले शौलाचे भाऊबंद, उजव्या-डाव्या दोन्ही हातांनी गोफण आणि बाण चालवणारे. शास्ते २०:१६ मधले ७०० डावखुरे गोफणवालेही बन्यामिनीच, केसाचाही नेम न चुकवणारे. आसा राजाच्या सैन्यात ढाल वागवणारे नि धनुष्य वाकवणारे २,८०,००० बन्यामिनी होते, ते २ इतिहास १४:८ मध्ये. हे तिन्ही मी पेन्सिलीने लिहून ठेवलेत. शाई वापरू नका, कागद पातळ आहे, मागच्या पानावर उमटते. नावं ओळीच्या शेवटी वाटेल तिथे तोडलीत. 'मरी' एका ओळीत आणि 'ब्बाल' खालच्या ओळीत असलं की नाव लक्षात राहत नाही. याच वंशावळीतल्या यहोअद्दाचा नवव्या अध्यायात यारा होतो, राफाचा रफाया, त्यावर एका ओळीची टीपही नाही. बांधणी मात्र मजबूत, आठ महिन्यांत एक पान सुटलेलं नाही. खूण घालायला रेशमी फीत एकच आहे, दोन हव्या होत्या, कारण संदर्भ बघायला एका वेळी दोन जागा उघड्या लागतात. मी दुसरी म्हणून लाल लोकरीचा धागा घातलाय, तो सध्या पहिल्या इतिहासाच्या आठव्या अध्यायातच आहे.